'कराड सोडलं काय?' यंदा कोण विचारणार

दिवाळीला पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला वाटेत एक फोन ठरलेला असतो. "कराड सोडलं काय?" पलीकडं वडील. सोडलं म्हटलं की त्यांचा हिशेब सुरू : पेठ नाका, किणीचा टोल, तावडे हॉटेल, म्हणजे जेवायला साडेनऊ. तसं आत सांगून भाकरीचं पीठ काढायला लावलं जातं. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला हा प्रवास कराडपर्यंत बरा होतो. पुढं फोन वाजत नाही. रक्षाविसर्जनाला, बाराव्याला, पाहुण्यांच्या गर्दीत जे कसंबसं आवरून धरलेलं असतं ते मग हायवेवर गाडी चालवताना सुटतं.

आई किंवा वडील गेल्यानंतर गोतावळ्यात सण कसा काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. धीर धरा, मन रमवा, पोरांकडं बघा. सल्ला खोटा नसतो, पण हाताला काही लागत नाही. सणात माणूस आठवतो तो बहुतेक वेळा त्याच्या ठरलेल्या कामापाशी : आकाशकंदिलाची वायर जोडताना, लक्ष्मीपूजनाला चौरंग माळ्यावरून काढताना, पहिल्या आंघोळीला तेलाची वाटी कोमट करताना. ती कामं यंदा कोण करणार हे ठरलेलं नसलं तर ऐन वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि घर ढवळून निघतं. म्हणून इथं मनाविषयी थोडं आणि कामांविषयी जास्त लिहिणार आहे.

ठरवायचं कधी, याची सोय पंचांगानंच केलेली आहे. सर्वपित्री अमावस्येनंतरची पुढची अमावस्या लक्ष्मीपूजनाची. मध्ये अधिक महिना आला नाही तर बरोबर एक महिना हातात असतो. म्हाळाला भावकी जमते, पान ठेवून होतं, जेवणं होतात, आणि दुपारी सगळे भिंतीला टेकून बसतात. दिवाळीचा विषय काढायला यापेक्षा बरी वेळ नाही, कारण त्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कुणालाच संकोच वाटत नाही. तुमच्यात म्हाळ घालत नसतील किंवा पहिल्या वर्षी चालत नसेल, तर त्याच सुमारास सगळ्यांना एकत्र घेऊन एक फोन करा. फॅमिली ग्रुपवर मात्र हे ठरवायला जाऊ नका. तिथं 'यंदा काय करायचं?' असं टाकलं की चौघेजण हात जोडलेले इमोजी टाकतात, एक काका दत्ताचा फोटो टाकतात, आणि प्रश्न तिथंच पडून राहतो.

पहिल्याच प्रश्नावर घरं अडतात : दिवाळी करायची का? आपल्याकडं वर्ष होईपर्यंत सण धरत नाहीत. 'आमच्यात यंदा दिवाळी नाही' एवढं म्हटलं की गल्ली समजून घेते. फराळ न मागता येतो, कंदील नसलेल्या दाराकडं बघून कुणी काही विचारत नाही. या रीतीचा आधार मोठा आहे. हसऱ्या तोंडानं वावरायची सक्ती नसते. पण मग घरातली लहान पोरं खिडकीतून शेजारचे फटाके बघत बसतात आणि आई दिवसभर एकटी स्वयंपाकघरात राहते, हेही खरं. शिवाय दिवाळी हा गेलेल्यांना दाराबाहेर ठेवणारा सण नाहीच. धनत्रयोदशीला दक्षिणेकडं तोंड करून यमदीप लावतात. अमावस्येच्या संध्याकाळी पितरांना वाट दिसावी म्हणून पेटती चूड दाखवायची, ही उल्कादर्शनाची रीत धर्मग्रंथांत आहे. तेव्हा 'घरातलं माणूस गेलंय आणि दिवे कसले लावताय' असं एखाद्या चुलत्यांनी म्हटलंच, तर ऐकून घ्यावं आणि पणती लावावी. माझं मत विचाराल तर नवे कपडे, फटाके, फराळाचा घाट वगळा. पहिली आंघोळ, दिवा आणि एकत्र जेवण तेवढं ठेवा. ज्याला तेवढंही नको असेल त्याला मोकळं सोडा. अशा माणसाला कोल्हापुरात आणखी एक वाट आहे. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. अंधारात, गर्दीत, आपल्या माणसाच्या नावानं एक लावायची आणि घरी यायचं. तिथं 'आता कसं आहे?' असं कुणी विचारत नाही.

आता कामं. आई गेली असेल तर सगळ्यात अवघड पहिली आंघोळ. नरकचतुर्दशीची पहाट, पाट, भोवती रांगोळी, उटणं, पायाखाली फोडायला कारीट. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला. समोर पाटावर बसलेला मुलगा पन्नाशीचा असला तरी त्याच्या टाळूवर तेल थापताना ती दरवर्षी तेच बोलते, "डोक्याला तेल म्हणून नाही कधी." हे काम कुणी घ्यायचं? बायकोनं घेतलं तर काहींना ते आईची जागा घेतल्यासारखं वाटतं. कुणीच घेतलं नाही तर पाट मांडायचाच राहून जातो आणि जो तो बाथरूममध्ये जाऊन अंगावर पाणी ओतून येतो. मला पटलेला तोडगा मावशीचा. तिला आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा आणि आंघोळीचा कारभार तिच्याकडं द्या. तेल रगडायचा हात बहिणी-बहिणींचा सारखाच असतो. आणि तिचीही बहीण गेलेली असते. बाराव्यानंतर तिला 'तू कशी आहेस' म्हणून कुणी विचारलेलं नसतं. मावशी नसेल, थकलेली असेल, तर भावंडांनी एकमेकांच्या पाठीला लावावं. पुरुषांनी तेल लावलं म्हणून वाटी बाटत नाही.

वडील गेले असतील तर कोल्हापुरात प्रश्न मटणाचा. भाऊबीज झाली, बहिणी-मेहुणे जमले की तांबडा-पांढरा ठरलेला, आणि मटण आणणं हे घरातल्या कर्त्या माणसाचं काम. ज्या गावानं २०१९च्या अखेरीला मटणाचा दर वाढला म्हणून कृती समिती काढून आंदोलन केलं, तिथं हे काम किरकोळ समजू नये. वडिलांचा दुकानदार ठरलेला असतो. सीना-चाप किती, नळ्या किती, चरबी किती, हे सांगावंही लागत नसतं. त्यांच्या जागी मुलगा जाऊन उभा राहतो आणि दुकानदार सुरी थांबवून विचारतो, "आण्णा नाहीत आलं?" मागं तीस माणसं रांगेत. तिथं 'ते वारले' हे दोन शब्द तोंडातून काढणं काय असतं ते ज्याला काढावे लागलेत त्यालाच विचारा. यावर उपाय सोपा आहे आणि तो क्वचितच कुणी करतो : दिवाळीच्या आठवडाभर आधी, दुपारच्या निवांत वेळी, दुकानात जाऊन सांगून या. मटणवाला, दाढी-कटिंगचं दुकान, म्हशीचं दूध घालणारा, किराणावाला, सगळ्यांना. त्यांच्याकडून वडिलांची एखादी गोष्ट ऐकायला मिळते, कधी उधारीचीही.

'कराड सोडलं काय' हा फोन आईनं किंवा धाकट्या चुलत्यांनी करावा. पहिल्यांदा कानाला खटकेल. फोन न येणं त्याहून जास्त खटकतं. किल्ल्याची माती आजोबा आणत असतील तर ती यंदा मामानं आणावी, आणि पोरांनी किल्ल्यावर आजोबांच्या नावाचा बुरूज करायचा म्हटलं तर करू द्यावा. पोरं हे आपल्यापेक्षा सहज करतात. सगळीच कामं वाटून घेतली पाहिजेत असंही नाही. वडील पहाटे साडेचारला घरभर ओरडून सगळ्यांना उठवत असतील, तर ते काम कुणी अंगावर घेऊ नये. गजर लावावा.

आई मागं असेल तर पाडव्याचं आधी बोलून ठेवा. पाडव्याला घरोघर बायका नवऱ्याला ओवाळतात, ताटात काय पडलं यावरून चेष्टा होते, आणि तेवढ्यात आई कोथिंबीर निवडायला आत जाते. तिला 'जा' असं कुणी म्हटलेलं नसतं. याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं यापुढं गावात नाही, असं ठरलं. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव गावाचा असला तरी ओवाळणीच्या ताटापाशी तो घरालाच पाळावा लागतो. सरळ विचारा, "आई, नातवंडांना पहिल्यांदा तू ओवाळणार काय?" हो म्हणाली तर ताट तिच्या हातात द्या. जमलेल्या चुलत्या-माम्यांतलं कुणीतरी नाक मुरडेल, त्याची तयारी थोरल्या सुनेनं ठेवावी. सासूची बाजू सुनेनं घेतली की बाकीच्या गप्प बसतात. नाही म्हणाली तर तेही ऐका. आपण सुधारक दिसावं म्हणून तिला बळंच पुढं ओढणं हासुद्धा जाचच.

लग्न झालेल्या मुलीची अडचण आणखी वेगळी, आणि तिच्याकडं फार कमी लोक लक्ष देतात. शास्त्रानं तिला आई-वडिलांचं सुतक तीन दिवसांचं सांगितलं. भावाच्या घरी वर्षभर सण नाही, पण तिच्या सासरी दिवाळी नेहमीसारखी दणक्यात, आणि चकलीचा सोऱ्या तिच्याच हातात. सासरचे वाईट नसतात, त्यांच्या घरातलं माणूस गेलेलं नसतं इतकंच. इथं नवऱ्यानं तोंड उघडायला हवं. 'लक्ष्मीपूजनाला हिला माहेरी सोडतो, आईजवळ राहू दे' हे वाक्य सुनेनं उच्चारलं तर ती परवानगी मागणं होतं. तेच मुलानं म्हटलं की विषय संपतो.

आई गेली असेल तर भाऊबीजेचं बोलावणं भावजयीनं स्वतः फोन करून द्यावं. आजवर आई बोलवायची, त्यामुळं बोलावण्याचा प्रश्नच आला नव्हता. आता बहीण तिकडं वाट बघते की बोलावतात का, आणि इकडं भाऊ म्हणतो, ती काय पाहुणी आहे, यायचं तर येईलच की. एवढ्याशा गोष्टीवरून वर्षानुवर्षं येणं-जाणं तुटलेली घरं आपल्या आसपास आहेत. नुसतं 'ये' म्हणू नका. कधी येणार, मुक्काम किती, पोरांना काय आवडतं, हे विचारा. निघताना आई जे बांधून द्यायची ते बांधून द्या : वर्षाच्या चटणीतली बरणीभर चटणी, गूळ, शेंगा. तिला पुण्यात हे मिळत नाही असं नाही. डबा भावजयीनं भरला आणि झाकण घट्ट बसतंय का ते दोनदा बघितलं, एवढ्यानं पुढच्या वर्षीचं येणं पक्कं होतं.

सगळे जमलेत म्हटल्यावर कुणीतरी कागद काढतो. सातबारा, बँकेचे फॉर्म, आणि त्यांच्या मागून 'ताईची एक सही पाहिजे' म्हणत हक्कसोडपत्र. नुकत्याच ओवाळून उठलेल्या बहिणीपुढं हे ठेवू नये. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तिचं तिनं ठरवावं. पण सणाच्या ताटावर बसून भावाला 'नाही' म्हणणं बहिणीला जड जातं, हे ठाऊक असूनच काहीजण नेमका तो मुहूर्त गाठतात. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यायचा असतो, तो वेळेत द्या. त्यासाठी भाऊबीज अडवायचं कारण नाही. विषय निघालाच तर वडीलधाऱ्यानं 'तुळशीचं लग्न होऊ दे, मग बसू' म्हणून तोडावा, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर खरोखर बसावं. रात्री गच्चीवर चुलतभावंडं 'बसतात' तिथं तर वाटणीचा शब्दही नको. दोन पेगांनंतर निघालेला बांधाचा विषय सकाळी मिटत नाही.

गेलेल्याचं नाव काढायचं की नाही यावरून घरात दोन तट पडतात. एकाला बोलायचं असतं, दुसऱ्याला रडू फुटेल म्हणून नको असतं, आणि शेवटी सगळेच टाळतात. चौकात मोठा डिजिटल बोर्ड, पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात, भिंतीवर चंदनाचा हार, पण पंगतीत नाव कुणाच्या तोंडी नाही. कोल्हापूरनं यावर भर रस्त्यात एक उत्तर देऊन ठेवलं आहे. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. सकाळी दहाला लोक आहेत तिथं शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. शंभर सेकंद संपले, गाड्या सुरू झाल्या, गाव कामाला लागलं. आठवण सगळ्यांनी मिळून, ठरवून काढली, आणि ती कधी संपणार हेही ठरलेलं होतं. घरात हे जमण्यासारखं आहे. लक्ष्मीपूजनाची आरती झाली की एकानं चार वाक्यं बोलावीत. कोण बोलणार ते आधी ठरवा. जावई किंवा मोठा नातू बरा, मुलांचा गळा दाटून येतो. गुणगौरव नको. 'आबा चकलीला नावं ठेवत ठेवत सात चकल्या खायचे' हे चालेल. हसू आलं तर हसा. कुणी उठून बाहेर गेलं तर सगळ्यांनी मागं धावू नये, थोड्या वेळानं एकानं पाण्याचा तांब्या घेऊन जावं.

त्यांच्या आवडीचा एक पदार्थ पानात असावा. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे बऱ्याचदा आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, गेलेल्यांच्या आवडीचं खाणंपिणं घरात मांडतात आणि सगळीकडं झेंडू पसरतात. आपल्या तोरणातला झेंडू मुळात तिकडचाच. आपल्याकडं म्हाळाच्या पानात हे होतंच; दिवाळीच्या पानातही एक वाटी वाढायला हरकत नसावी, मग ती चांगल्या सुगरणीच्या घरात लाज वाटावी अशी बाजारच्या श्रीखंडाची का असेना.

एक भाऊ फोटोपुढं बसून रडतोय आणि दुसरा पत्ते पिसतोय, म्हणून दुसऱ्याला बापाचं काही नाही असा निकाल देऊ नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःखातला माणूस दोन्हीकडं ये-जा करत असतो : थोडा वेळ गेलेल्याजवळ, थोडा वेळ रोजच्या व्यवहारात. ही ये-जा चालू असणं चांगलं. मांडी घालून पत्त्यांना बसलेला तो भाऊ पहाटे तीनला गच्चीवर असतो, एवढंच. मात्र सहा महिने, वर्ष उलटूनही एखाद्याची ये-जा होतच नसेल, जेवण-झोप सुटली असेल, कामावर जाणं थांबलं असेल, जगून काय करू अशी भाषा येत असेल, तर 'वेळ हेच औषध' म्हणून थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलते. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सणाला घरी आलेल्या डॉक्टर पाहुण्यानं सोफ्यावर बसून गोळी लिहून देणं हा त्याला पर्याय होत नाही.

वर्षश्राद्ध झालं की दुखवटा फिटला असं पै-पाहुणे धरून चालतात. दुसऱ्या दिवाळीला शेजारचे डबे येत नाहीत, दारात कंदील लागतो, आणि घरच्यांना ती पहिलीपेक्षा जड जाऊ शकते, कारण पहिल्या वर्षी 'यंदा नाही' म्हणायची सोय होती. तुम्ही मामा, आत्या, चुलते, शेजारी या नात्यानं हे वाचत असाल तर तुमचं खरं काम दुसऱ्या वर्षी आहे. वसुबारसेच्या आधी फोन करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणाला बोलायला सवड नसते. 'सावरलात काय?' विचारू नका, त्यावर 'हो' म्हणण्यापलीकडं काही सुचत नाही. त्यांच्या आण्णांची घरच्यांना ठाऊक नसलेली एखादी गोष्ट सांगा : तालमीतली, मिलमधली, पन्हाळ्याच्या चढाला बंद पडलेल्या स्कूटरची. आणि भाऊबीज उरकून पाहुणे गाडीला लागले की जेवायला कधी येऊ ते विचारून ठेवा.